जिलेटिनची कांडी आणि चाळीस पाकिटं

"भाऊ, जिलेटिन आहे का?"

इतवारीतल्या दुकानदाराने हातातलं बिलबुक बाजूला ठेवलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "विहीर खोदून राहिल्या का ताई?"

माझ्या मागे उभे असलेले दोघं एक पाऊल आणखी मागे सरकले. दोष त्यांचा नाही. मराठी पेपर वाचून मोठ्या झालेल्या माणसाला जिलेटिन म्हटलं की पुढे 'च्या कांड्या' आणि त्यापुढे 'जप्त' एवढंच सुचतं. त्यातून स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आमच्याच नागपुरात. मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो, खायचं जिलेटिन." मग प्रामाणिकपणा नडला. "म्हणजे खायचं असतं ते, पण मला छपाईला पाहिजे." दुकानदाराने पोराला हाक मारून दोन डबे काढायला लावले आणि पैसे मोजेपर्यंत माझ्यावरची नजर हलवली नाही.

घरी आल्यावर यांनी ज्ञान दिलं, की नोबेलने १८७५ साली काढलेल्या त्या ब्लास्टिंग जिलेटिनमध्ये जिलेटिन नसतंच मुळी, नुसतं दिसायला जेलीसारखं म्हणून ते नाव. असं ज्ञान या घरात नेहमी खरेदी झाल्यावरच मिळतं.

झालं असं, की नणंदेच्या मुलीचं लग्न अमरावतीला ठरलं. नणंदेचा फोन आला, "वहिनी, मानपानाची चाळीसेक पाकिटं लागतील. गांधीबागेतून आणून ठेवाल?" आणि नेमका आदल्याच रात्री मी तो व्हिडिओ पाहिला होता. कुठल्याशा थंड देशातली एक बाई, नखांना रंगाचा कणही नाही, समोर एक पारदर्शक, लुसलुशीत चौकोनी वडी. तिच्यावर रोलरने रंग फिरवला, एक पान ठेवलं, कागद दाबला, उचलला, आणि कागदावर त्या पानाची शीर न् शीर उमटली. एकूण वेळ चाळीस सेकंद. चाळीस पाकिटं गुणिले चाळीस सेकंद, हा हिशोब मी फोन कानाला असतानाच केला आणि बोलून गेले, "विकतची कशाला? मी घरी करते."

त्या वडीला जेल प्लेट म्हणतात. तयार प्लेटची किंमत पाहिली, तर तेवढ्यात वर्षाचं तिखट आणि हळद भरून झाली असती. म्हणून घरगुती कृती शोधली: पाऊण कप जिलेटिन, दीड कप ग्लिसरीन, तीन कप पाणी. ग्लिसरीनसाठी औषधाच्या दुकानात गेले आणि शंभर मिलीच्या चार बाटल्या मागितल्या. नागपुरात ग्लिसरीन लोक डिसेंबरात घेतात, फाटलेल्या ओठांना. मे महिन्यात चार बाटल्या म्हटल्यावर औषधवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

जिलेटिन थंड पाण्यात फुगवायचं, ग्लिसरीन घालायचं, गरम पाण्यात विरघळवायचं, फेस न होऊ देता हळूच ढवळायचं आणि थाळीत ओतायचं. वर आलेले बुडबुडे वर्तमानपत्राच्या पट्टीने ओढून काढायचे. मी सासूबाईंची ढोकळ्याची थाळी घेतली. सासूबाई शेजारी उभ्या राहून सगळं पाहत होत्या. त्यांना ते साबुदाण्याच्या चिकासारखं वाटलं. "पापड्या करून राहिली का गं? मग मीठ टाक ना जरा."

संध्याकाळपर्यंत प्लेट मस्त जमली. बोटाने टिचकी मारली की थरथरायची. मी अभिमानाने सगळ्यांना टिचकी मारायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, कुलर बंद पडला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. थाळी खिडकीच्या ओट्यावर. मी दोन वाजता उठून पाहते तर थाळीत कोमट सार. टिचकी मारायला काही शिल्लकच नव्हतं. जिलेटिन वितळलं तर पुन्हा थिजवता येतं, ही त्यातली चांगली गोष्ट. तशी मी ती प्लेट तीन दिवसांत चारदा थिजवली. नंतर नंतर फ्रीजमध्ये आमरसाच्या पातेल्याशेजारी तिची जागाच ठरून गेली.

आणि मग चिरंजीवांनी, सुट्टीत वेळ जात नाही म्हणून, आजीला मोबाइलवरून वाचून दाखवलं, की जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात.

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. थाळी चिंच लावून, मग राख लावून घासली गेली. आमरसाचं काय झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती थाळी आता गच्चीवर आहे, तिच्यात चिमण्यांना पाणी ठेवतो. पाच पिढ्यांचं सोवळं नव्हे, पण ढोकळा आमच्याकडे सध्या कुकरच्या डब्यात होतो.

मध्ये चायना ग्रासची प्लेट करून पाहिली. शाकाहारी, आणि उन्हात वितळत नाही. पण ती लवचीक नसते. पहिलाच कागद उचलला तर त्याला अर्धी प्लेट चिकटून वर आली, बर्फीची कड तुटावी तशी. शेवटी हरले आणि तयार प्लेट मागवली. ती मिनरल ऑइल आणि कसल्याशा पॉलिमरची असते, वितळत नाही, वर्षानुवर्षं टिकते. खोका उघडल्याबरोबर सासूबाईंनी चारी बाजूंनी फिरवून हिरवा ठिपका शोधला. नव्हता. मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणही नव्हता, म्हणून ती घरात आली. पण स्वयंपाकघरात नाही.

आता फक्त छापायचं राहिलं, असं मला वाटलं.

आधी रोलर. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मागितला तर भिंतीला रंग द्यायचा स्पंजचा मिळाला. तो सगळा रंग स्वतःच पितो. सासूबाईंनी लाटणं सुचवलं आणि मी कोण अगतिक झाले असेन पाहा, तेही वापरून पाहिलं. अखेर एका जुन्या छापखानेवाल्याने कडक रबराचा रोलर दिला. मग रंग. अॅक्रिलिक रंगाचा वाटाण्याएवढा ठिपका आठ-दहा इंचांच्या प्लेटला पुरतो. पण पाहुण्यांना कमी वाढायची सवय नसलेल्या बाईच्या हातून वाटाणा पडत नाही, लिंबू पडतं. पहिल्या कागदावर पान उमटलं नाही, पान बुडालं. दुसऱ्यांदा कंजूषपणा केला. पंखा चालू होता, हवा कोरडी. पान ठेवून कागद उचलेपर्यंत रंग वाळून प्लेटलाच बसला. कागद कोरा.

पंखा लावला तर रंग वाळतो, बंद केला तर बाई वाळते. पहाटे पाचला उठून छापायचं ठरवलं. लग्नाआधी एमपीएससीचा अभ्यास केला होता, त्यानंतर प्रथमच पाचचा गजर लावला.

पहाटे शांततेत मात्र ते जमायला लागलं. रंग पातळ आणि सारखा पसरला की रोलर हलकी चरचर करतो, तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यासारखी. तो आवाज आला की थांबायचं. पानाची शिरांची बाजू खाली ठेवायची. वर एक कागद टाकून दाबायचा आणि उचलायचा. पानाभोवतीचा रंग त्या कागदावर गेला. मग पान चिमटीने हलकेच काढायचं आणि दुसरा कागद दाबायचा. पानाखाली अडकलेला रंग आता वर येतो आणि खरी नक्षी ही. मी कडुनिंब छापला, पिंपळ छापला, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अख्खी काडी छापली. सांबार इतका सुंदर उमटतो की फोडणीच्या वेळी जुडी रिकामी झाली आणि घरात पुन्हा अर्धा तास मी लिहीत नाही असा प्रसंग आला.

उरलासुरला रंग शेवटच्या कागदावर फिकट येतो. त्याला तिकडे भूत-प्रिंट म्हणतात. हे मी मोठ्याने बोलायला नको होतं. "लग्नाच्या पाकिटावर भूत?" सासूबाईंनी ती सगळी वेगळी काढून ठेवली. वाळून बसलेल्या रंगावरही उपाय निघाला. त्यावर दुसऱ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा आणि कागद दाबून थोडं थांबायचं. ओला रंग कोरड्याला सोबत घेऊन वर येतो, जुन्या फसलेल्या चार प्रयत्नांसकट.

गुळगुळीत कागद मात्र वापरू नये. मी जुन्या कॅलेंडरचं पान वापरलं. ते प्लेटला असं चिकटलं की मी ओढतेय, प्लेट लांब होतेय आणि चिरंजीव शेजारी उभं राहून "आई, सोड" म्हणताहेत. बेबी ऑइल लावून, बोटाने खरडून पाऊण तासाने सुटलं. दमून मी प्लेट प्लास्टिकच्या चटईवर ठेवली आणि झोपले. ही प्लेट ज्याच्यावर झोपते त्याचा छाप अंगावर घेते. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पानामागे चटई दिसते. लोक विचारतात, "खादीचा इफेक्ट कसा आणला?" मी नुसती हसते.

रोलरवरचा जास्तीचा रंग पुसायला रद्दी लागते. ती पुरवण्याचं काम चिरंजीवांनी न सांगता अंगावर घेतलं होतं. एरवी पाण्याचा ग्लास न उचलणारा मुलगा रोज सकाळी एकपाठ कागदांचा गठ्ठा आणून द्यायचा. "हे घे आई, जुने आहेत, रंगवून टाक पूर्ण." मला त्याचं फार कौतुक वाटलं.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा माझ्याकडे मनासारखी अकरा पाकिटं झाली होती. सासूबाई प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या, माझी मेहनतीने छापलेली पानं बाजूला सारली आणि टोपलीतली रद्दी उचलली. रोलर पुसून पुसून तिच्यावर निळा, जांभळा, आंबा रंग एकावर एक चढले होते, पैठणीच्या पदरासारखे. "हे काऊन फेकून राहिली? यातच तर मजा आहे." आणि खरंच होतं ते. रंगवलेली बाजू बाहेर ठेवून त्यांनी घड्या घातल्या, मी खळ लावली, वर रुपया चिकटवला. दोन दिवसांत एकोणतीस पाकिटं झाली.

लग्न छान झालं. पाकिटांचं कौतुक मंडपभर झालं. परतल्यावर तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, विहीणबाईंना पाकीट इतकं आवडलं की त्यांनी ते उकलून सपाट केलं, फ्रेम करायला."

"अगं वा!"

"आतल्या बाजूला गणिताचा पेपर आहे. ऐंशीपैकी तेवीस. खाली लाल शाईने लिहिलंय, पालकांची सही आणणे." नणंद जरा थांबली. "त्या विचारताहेत, सही त्यांनी करायची का?"