मामांचा प्रश्न आणि रनवेची रुंदी

मागच्या महिन्यात माझे मामा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. लेकीकडे पुण्याला गेले होते, परत आले ते थेट जळगावात उतरले. मी घ्यायला गेलो होतो. पिशवी माझ्या हातात दिली, उपरणं नीट केलं आणि पहिलंच वाक्य: "भाऊ, हाई धावपट्टी इतली सांकडी काबरं शे रे?" म्हणजे, ही धावपट्टी इतकी अरुंद का?

मामा अमळनेरकडचे, कापूस-मक्याचे शेतकरी. त्यांनी खिडकीतून पुण्याची धावपट्टी पाहिली, मग आपली पाहिली आणि फरक त्यांच्या नजरेत भरला. हाच प्रश्न मी गेली दोन-तीन वर्षं लग्नात, चहाच्या टपरीवर, गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकतोय. तिथे तो प्रश्नही राहत नाही, थेट निकाल लागतो. खान्देशला नेहमी अर्धंमुर्धंच मिळतं, ठेकेदारानं रुंदीत मारलं, मोठ्या शहरांना रुंद आणि आम्हाला पाणंद. मी डिप्लोमा सिव्हिल. एकोणीस वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, त्यात दोनदा रनवेच्या कामावर साइट इंजिनिअर होतो. म्हणून गाडीत बसल्यावर मामांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

रनवेची रुंदी गावाच्या लायकीवर ठरत नाही, तिथे उतरणाऱ्या विमानाच्या चाकांवर ठरते. आयकाओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या नियमावलीचं जोडपत्र १४ हे विमानतळाच्या मापांचं. आपल्या डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम त्याच धर्तीवर आहेत. त्यात दोन गोष्टी बघतात. एक, त्या विमानाला उडायला किती लांबी लागते. दुसरी, मुख्य चाकांच्या जोडीत अगदी बाहेरच्या चाकापासून दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या चाकापर्यंत अंतर किती. ह्या दोन्हींचा मेळ घालून रुंदी निघते: १८, २३, ३० किंवा ४५ मीटर. आपल्याकडे येतं त्या एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या छोट्या विमानाला ३० मीटर. एअरबस-३२० किंवा बोइंग-७३७ सारख्या जेटला ४५.

आता ३० च का, ४५ च का? मला हे कळलं तेव्हा मी कागद घेऊन बसलो होतो, तुम्हीही बसा.

विमान टेकऑफसाठी पळतंय आणि एका बाजूचं इंजिन बंद पडलं. दुसरं पूर्ण जोरात ओढतंय. एका बैलानं दावं तोडलं की गाडी जशी दुसऱ्या बैलाच्या जोरानं फिरायला लागते, तसं विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळतं. मोठ्या विमानाला मंजुरी देताना याची चाचणी घेतात. ठरावीक वेगाच्या वर, नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग न धरता नुसत्या शेपटीच्या रडरनं, म्हणजे सुकाणूनं, सावरून, विमान मधल्या रेषेपासून ३० फुटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. ३० फूट म्हणजे ९.१ मीटर.

एअरबस-३२० च्या बाहेरच्या चाकांमधलं अंतर साधारण ९ मीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला साडेचार. सरकलं ९.१, वर साडेचार, झाले १३.६ मीटर. ३० मीटरच्या रनवेला मधून कडेपर्यंत १५ मीटर असतात. उरलं १ मीटर ४० सेंटिमीटर. ओल्या रनवेवर, आडव्या वाऱ्यात, रात्री, एका इंजिनावर, आणि हाताशी एवढीच जागा. तेच ४५ मीटरच्या रनवेवर जवळपास ९ मीटर उरतात. एटीआरच्या चाकांचं अंतर ५ मीटरच्या आतबाहेर. त्याला ३० मीटरवरही साडेतीन मीटर उरतात, वर वेग कमी. त्याला तेवढी रुंदी पुरते.

३० मीटरवर मोठं जेट कधीच उतरत नाही असं नाही. त्यासाठी विमान कंपनीला वेगळी मान्यता काढावी लागते आणि आडव्या वाऱ्याची मर्यादा खाली आणावी लागते. लंडन शहराच्या पूर्व भागात लंडन सिटी विमानतळ आहे. तिथला रनवे १५०८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, आणि त्यावर रोज जेट विमानं उतरतात. लंडनला पैसे कमी पडले म्हणून ते ३० मीटर ठेवलेलं नाही.

आणि उलटंही झालंय. ए-३८० हे दुमजली विमान आलं तेव्हा त्याच्यासाठी ६० मीटर रुंदी धरली होती. पुढे वर्षानुवर्षं विमान मधल्या रेषेपासून खरोखर किती सरकतं याची मोजमापं झाली, आणि २०१८ पासून आयकाओनं त्या वर्गालाही ४५ मीटरच पुरेत असं केलं. वरचा हिशोब लावा: ९.१ आणि चाकांचे सव्वासात, १६ मीटरच्या थोडं पुढे. ४५ च्या अर्ध्यात आरामात बसतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रवासी विमानाची रुंदी मोजून कमी केली जाते आणि आपण इथे न मोजता वाढवा म्हणतो, हे मला खरंच टोचतं.

कधी रनवेवर जायची संधी मिळाली तर खाली बघा. चाकं टेकतात तिथे रबराचे काळे पट्टे असतात, मधल्या पांढऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, काही मीटरांच्या आतच. बाकी सगळी रुंदी वर्षभर जवळपास कोरी. पाणंदीला बैलगाडीची चाकोरी पडते तशीच ही विमानाची चाकोरी. बाहेरची रुंदी आहे ती त्या एका दिवसासाठी, ज्या दिवशी चाक चाकोरी सोडेल. तो दिवस येणार असं धरूनच ती बांधायची, यात माझं दुमत नाही. पण तो दिवस निभावायला नुसतं डांबर रुंद करून भागत नाही.

इथे मी आपल्या मातीवर येतो.

तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार माती पिकाला सोनं आहे, रस्त्याला वैरी. पावसात फुगते, मे महिन्यात आकसते, आणि भेगा अशा पडतात की अख्खा हात कोपरापर्यंत जातो. डांबराखाली मधोमध ओल सारखी राहते, म्हणून मध्य शांत असतो. कड मात्र दर वर्षी ओली होते, सुकते, ओली होते, सुकते. म्हणून कडेपासून मीटर-दीड मीटर आत लांबच लांब उभी भेग जाते. आपल्या कुठल्याही ग्रामीण रस्त्यावर बघा, भेग रस्त्याच्या दिशेनंच धावते. त्यातून पाणी खाली गेलं की संपलं.

मी स्वतः एका कामावर होतो. कुठलं ते लिहीत नाही. पावणेचार मीटरचा रस्ता साडेपाच करायचा होता. निधी ठरलेला, रुंदी मात्र गाजावाजा करून वाढवलेली. मग कात्री कुठे लागली? मुरमाचा थर कमी केला, साइडपट्ट्या नावाला भरल्या आणि पाण्याची चारी खोदायची राहिली ती राहिलीच. मी तेव्हा नवीन होतो, एकदा बोललो, दुसऱ्यांदा गप्प बसलो. दोन पावसाळ्यांत दोन्ही कडा खचल्या आणि साडेपाच मीटरचा रस्ता वापरायला साडेतीन मीटरही उरला नाही. दूधवाल्याची मोटारसायकल कडेवरून घसरली, पाय मोडला. तो माणूस आजही लंगडतो. बाजारात भेटला की मला नमस्कार करतो आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

म्हणून सांगतो, रनवेत रुंदीएवढंच महत्त्व कडेला आहे. शोल्डर म्हणजे रनवेच्या बाजूचा पक्का पट्टा. तो विमान सावरून घेतो आणि ओल चाकाच्या रेषेपासून लांब ठेवतो. त्यापलीकडे अडथळे नसलेली, रनवेलगत सपाट केलेली मातीची मोकळी पट्टी. मोठ्या, उपकरणांच्या मदतीनं उतरायच्या रनवेला ती मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर, म्हणजे एकूण २८० मीटर. पट्टीच्या शेवटाच्या पुढे सुरक्षा क्षेत्र, किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. विमान डांबरावरून उतरलं तरी माणसं वाचतात ती ह्या मातीमुळे.

आता पैशाचा हिशोब. समजा रनवे १७०० मीटर लांब आहे आणि ३० चा ४५ करायचा. वाढीव १५ मीटर गुणिले १७००, झाले २५,५०० चौरस मीटर, म्हणजे सव्वासहा एकर डांबर. खाली काळी माती काढून मुरूम, गिट्टी, थरावर थर. कडेचे दिवे रनवेच्या कडेपासून ३ मीटरच्या आत लागतात, म्हणजे सगळे उपटून, केबल बदलून पुन्हा लावायचे. आणि हे एकदाच नाही, वरचा थर दर काही वर्षांनी नवा करायचा तेव्हा प्रत्येक वेळी सव्वासहा एकर जास्त. पण जमीन? जमीन त्यासाठी वेगळी लागत नाही, कारण ती २८० मीटरच्या पट्टीच्या आतच असते. ती पट्टी स्वतः मात्र ह्याच लांबीला जवळपास एकशे अठरा एकरांची होते. म्हणून आज विमान छोटं असेल तर डांबर ३० मीटरच टाका, पण पट्टी मोठ्या विमानाची राखून ठेवा. डांबर उद्याही वाढवता येतं. पट्टीला खेटून एकदा प्लॉटिंग झालं, बंगले उठले, की पुढची शंभर वर्षं तिथे मोठं विमान नाही. आपल्या शहरांची वाढ बघता मला खरी भीती ह्याचीच वाटते.

पाण्याचंही बघा. रनवे मध्यात उंच आणि कडेला उतरता असतो, मोठ्या विमानांच्या रनवेला साधारण दीड टक्का उतार. ४५ मीटर रुंद असेल तर मध्यावर पडलेल्या थेंबाला साडेबावीस मीटर वाहत जावं लागतं. जुलैत आपल्याकडे कोसळतो तसा पाऊस आला की रुंद रनवेवर पाण्याचा थर जाड होतो, आणि चाक डांबराला न टेकता पाण्यावर तरंगतं. रुंदी वाढवली तर उतार आणि चारी त्या मापाची हवीच.

उन्हाचं मात्र वेगळं. हवा तापली की विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, विमान जास्त पळतं. आयकाओचा ठोकताळा असा की प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला १५ अंश) दर अंशाला लांबी एक टक्क्यानं वाढवायची. आपल्या मे महिन्यातलं दुपारचं सरासरी तापमान ४२ अंश धरलं तर नुसत्या उन्हापोटी लांबी पाव हिश्शाहून जास्त वाढते. म्हणून जळगाव-धुळ्यासाठी मागायचीच असेल तर लांबी आधी मागा. उन्हानं रुंदी वाढत नाही.

एक गोष्ट अरुंद रनवेच्या विरोधात आहे, ती लपवणार नाही. ज्या पायलटला रुंद रनवेची सवय आहे त्याला अरुंद रनवे दिसला की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, आणि तो नकळत खाली येतो. रात्री हे जास्त होतं. म्हणून अरुंद रनवेवर योग्य उतारकोन दाखवणारे लाल-पांढरे दिवे चोख असलेच पाहिजेत, त्यात तडजोड नको.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विस्ताराची घोषणा केली की टाळ्यांच्या आधी एवढं विचारा: कुठलं विमान धरून आराखडा केला? पट्टीची जमीन पूर्ण ताब्यात आहे का? शोल्डर आणि चारी अंदाजपत्रकात आहेत की नाहीत? आमदार-खासदारांना मी स्वतः हेच विचारणार आहे. जेट यावं असं मलाही मनापासून वाटतं. केळीवाले, कापूसवाले, पुण्या-मुंबईत शिकणारी पोरं, सगळ्यांना त्याची गरज आहे. पण त्यासाठी ४५ मीटर लागतात ते वर सांगितलेल्या त्या १ मीटर ४० सेंटिमीटरपायी.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात मला कपाशीच्या कडेला उभं केलं. चार फुटांवर ओळ. बोट दाखवत चालत गेले, पंचविसाव्या ओळीपाशी थांबले, म्हणाले हे तुझे ३० मीटर. पुढे बारा ओळी मोजल्या, सदतिसाव्या ओळीत उभे राहिले आणि तिथून ओरडून विचारलं, "आनि ती माटीनी पट्टी कथलोंग?"

मी हात लांब केला. त्यांच्या विहिरीच्याही पलीकडे, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत.