पोटाचा प्रश्न
मेलबर्नमधले बाकीचे नवरे रविवारी बायकोला समुद्रावर नेतात, मी वेरिबीच्या मैलापाण्यावर नेतो. शहराच्या सांडपाण्याची तिथली अफाट तळी म्हणजे पक्षी बघणाऱ्यांची पंढरी. माझी आषाढी दरवर्षी तिथेच होते. जून-जुलै म्हणजे इथला कडाक्याचा हिवाळा. आत जायला परवाना लागतो. ‘गटार बघायला परवाना?’ हे बायकोचं वाक्य मी आता नुसतं ऐकून घेतो.

मला बघायचा असतो केशरी पोटाचा पोपट. लांबी वीतभर, वजन जेमतेम 45 ग्रॅम. उन्हाळ्यात टास्मानियाच्या नैर्ऋत्य टोकाला मेलालूकाला अंडी घालतो, थंडीत बासची सामुद्रधुनी ओलांडून इकडे येतो. 2016 साली मेलालूकाला फक्त 17 परतले होते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या कमिटीत त्याहून जास्त माणसं आहेत.

गोची अशी की त्याचा चुलतभाऊ निळपंख्याही तीच सामुद्रधुनी ओलांडून त्याच गवतात उतरतो. दोघं हिरवे, दोघांच्या कपाळावर निळी पट्टी. त्यात तिसरा, एलिगंट नावाचा पोपट. त्याची पट्टी डोळ्याच्या मागे जाते, निळपंख्याची डोळ्याशीच थांबते. म्हणजे दोनशे फुटांवरून भुवई कुठवर कोरलीय ते सांगायचं! बायकोने भुवया कोरल्यात हे मला समोर बसून कळत नाही.

पोटावरून ओळखावं, तर निळपंख्याच्या पोटावरही कधीकधी केशरी झाक असते. आणि गवतात चरणाऱ्या पोपटाचं पोट दिसणार कुठून? पाठ आपल्याकडे, तोंड बियांत. ‘पोपट होणे’ हा वाक्प्रचार ज्याने काढला, तो नक्की दुर्बीण घेऊन ओल्या गवतात बसला असणार.

या रविवारी मात्र एक दिसला. पालथा पडून पाऊण तास मी त्याच्या वळण्याची वाट बघितली. बायको गाडीत तिखटमिठाच्या पुऱ्या खात होती. मी कॅमेरा सरसावला आणि तो उडाला. फोटोत शेपटी आली, तीही अर्धी.

शेवटची आशा आवाजाची. घाबरला की केशरी पोटाचा भुंग्यासारखा ‘झर्रर्र’ करतो. निळपंख्याचा आवाज किणकिणता. शटरच्या खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

“झर्रर्र झालं ना!” बायको म्हणाली. “मी स्वतः ऐकलं.”

मी वहीत ‘केशरी’ लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात तिने उरलेल्या पुऱ्यांचा डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन ओढली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“पुन्हा ओढ बघू,” मी म्हणालो.