चौपट वेगाचे गणित लेनवर ठरते

चार एनव्हीएमई ड्राइव्ह (चिपवर माहिती साठवणारे वेगवान ड्राइव्ह) रेड ० मध्ये, म्हणजे माहितीचे तुकडे करून सर्व ड्राइव्हवर एकाच वेळी लिहिण्याच्या पद्धतीने, जोडले की छोट्या संगणकातही वेग चौपट होतो, हे एका लेखातील विधान अपुरे आहे. अशा छोट्या संगणकांतील इंटेल एन१०० सारख्या प्रोसेसरकडे पीसीआयई ३.० या जोडणीच्या एकूण ९ च लेन (ड्राइव्ह व इतर भागांशी माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा) असल्याने चार स्लॉटच्या यंत्रात प्रत्येक ड्राइव्हच्या वाट्याला बहुधा एकच लेन, म्हणजे सेकंदाला जेमतेम १ जीबी येते, २.५ गिगाबिट नेटवर्कमधून तर त्यातले सुमारे ३०० एमबीच बाहेर पडतात.

लेखात उष्णतेचा उल्लेखही हवा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लग्नाच्या चित्रीकरणाच्या मोठ्या फाइली उतरवताना ड्राइव्ह तापून स्वतःच वेग कमी करतात.