ठेच ज्याची त्याची

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण काढणाऱ्याने मोठ्या कंपनीत नोकरी केलेली नसणार. तिथे पुढचा एका विभागात असतो, मागचा दुसऱ्या, आणि ठेचेचं बजेटही वेगवेगळं असतं. तेव्हा विभागप्रमुखाची खुर्ची तुमच्याकडे नुकतीच आली असेल, तर एक पथ्य पाळा: आपल्याला लागलेली ठेच शेजारच्या विभागाला कळता कामा नये. फुकट मिळालेल्या शहाणपणाची किंमत राहत नाही.

अर्थात हे उघडपणे करायचं नसतं. उघडपणे ज्ञान-पोर्टल, म्हणजे कामातले अनुभव चढवून ठेवायची कंपनीची वेबसाइट, उभारायचं. कपाटातली फाइल कुणीतरी कधीतरी चाळतं. पोर्टलवरची फाइल अगदी सुरक्षित राहते. फॉर्मला १७ रकाने ठेवा. तिसऱ्यात 'या ज्ञानाचा धोरणात्मक स्तंभ निवडा' असं विचारा आणि पाचही पर्याय सारखेच वाटतील असे द्या. रात्री अडीचला अडलेल्या पंपाचं सील कसं बसवलं हे सांगायला आलेला फिटर तिथूनच माघारी फिरतो.

मग सर्वाधिक अपलोडसाठी बक्षीस लावा. आमच्याकडे एका वर्षी ते सुट्ट्यांच्या यादीने पटकावलं. पठ्ठ्याने १२ महिन्यांच्या १२ फाइली केल्या होत्या. 'पंप गळती' असं शोधलं की मात्र पहिला निकाल यायचा तो ज्ञान-सप्ताहाच्या उद्घाटनाचा, फीत कापतानाचा फोटो.

तुमचा हेतू चांगला आहे म्हणून निराश होऊ नका. गॅब्रिएल शुलान्स्की या अभ्यासकाने ८ कंपन्यांत चांगल्या पद्धती एकीकडून दुसरीकडे नेण्याचे १२२ प्रयत्न तपासले आणि १९९६ साली निष्कर्ष मांडले. गाडी अडते ती लोक मुद्दाम हात आखडता घेतात म्हणून, हा समज त्यात फारसा टिकला नाही. घेणाऱ्याला नवी पद्धत पचवता न येणं, ती पद्धत नेमकी का चालते हेच कुणाला न कळणं आणि दोघांचे संबंध अवघडलेले असणं, एवढं पुरतं. तिसऱ्या गोष्टीसाठी दोन विभागांना एकाच बोनसच्या शर्यतीत उतरवा, बाकी आपोआप होतं.

आदर्श हवा असेल तर एअरबस या विमान कंपनीकडे बघा. ए३८० हे महाकाय विमान बनवताना जर्मनीतल्या हॅम्बुर्गची मंडळी आराखडे काढायच्या कॅटिया सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर होती आणि फ्रान्समधल्या तुलूझची पाचव्या. एका विमानात वायर साधारण ५३० किलोमीटर. हॅम्बुर्गहून आलेले वायरींचे जुडगे तुलूझमध्ये बसवायला घेतले, तर वायरी तोकड्या पडल्या. २००६ साली विमानं उशिरा मिळणार हे जाहीर करावं लागलं, वरच्या काही खुर्च्याही रिकाम्या झाल्या. पण कुठल्याही विभागाने दुसऱ्याच्या आवृत्तीत नाक खुपसलं नाही, याचं कौतुक कुणी केलं नाही.

चहाच्या टेबलावर मात्र डोळ्यांत तेल घालून नजर ठेवा. फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीत इथेच ढिलाई झाली. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर राहिले, तर दिसलं काय? मॅन्युअलला न सापडणारे बिघाड ही मंडळी खाता-पिता एकमेकांना किस्से सांगून सोडवत होती! कंपनीने त्यांना दटावायचं सोडून १९९० च्या दशकात त्यांच्या युक्त्यांसाठी 'युरेका' नावाची प्रणालीच काढली. युक्ती तपासणार सहकारी तंत्रज्ञ, आणि खाली नाव ज्याची युक्ती त्याचं. स्तंभ नाही, समिती नाही. असल्या उदाहरणांपासून आपली माणसं दूर ठेवा.

शेवटचा प्रश्न निवृत्त होणाऱ्यांचा. त्यांचा कामाचा ताबा निरोपसमारंभाच्या अर्धा तास आधी घ्यायचा, म्हणजे हार आणि चहा वेळेवर होतो. ३१ वर्षं एकच प्लांट सांभाळलेल्या आमच्या एका ज्येष्ठांनी तेवढ्या वेळात दीड पान लिहून दिलं. त्यातली एक ओळ अशी: 'व्हॉल्व्ह क्र. ४ – नेहमीप्रमाणे.'

व्हॉल्व्ह अडला की आम्ही सगळे ती ओळ वाचतो. पोर्टलवर अजून चढलेली नाही. तिचा स्तंभ ठरायचा आहे.