एका लेखाची झेरॉक्स मागितली तर

जुन्या मराठी मासिकातला एखादा लेख हवा असेल आणि तो अंक आपल्या गावातल्या वाचनालयात नसेल, तर तो मिळवण्याचा सरळ मार्ग आज महाराष्ट्रात नाही. स्वतः एसटी पकडून जायचं, नाहीतर त्या शहरातल्या कुणा नातेवाइकाला गळ घालायची. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. एम.ए., पीएच.डी. करणारी मुलं माझ्याकडे नेमक्या अशाच मागण्या घेऊन येतात. "मॅडम, १९५५-५६ मधला लेख आहे, आठच पानं आहेत." मी ज्या ग्रंथालयात अंक असतो तिथे पत्र पाठवते. उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्याचं येतं: संशोधकाने प्रत्यक्ष येऊन पाहावे, कॉपीराइटमुळे प्रत देता येत नाही.

उत्तर देणाऱ्या ग्रंथपालावर माझा राग नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलेला आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. पैशांसाठी केलं नसेल तर शिक्षा कमी करायची मुभा न्यायालयाला आहे, पण तिथवर जायची वेळ कोण येऊ देईल? अनुदानाची वाट बघत दिवस काढणाऱ्या वाचनालयातल्या माणसाने आठ पानांसाठी ही जोखीम का घ्यावी?

आता कायदा नक्की काय म्हणतो ते बघा. कलम ५२ मध्ये ग्रंथालयांसाठी एक सवलत आहे. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय एखाद्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती काढू शकतं, पण ते पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तरच, आणि त्या प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी हव्यात. पुस्तकात पत्रक, नकाशा, तक्ता, संगीताची स्वरलिपी हे सगळं धरलं आहे. नियतकालिकाचा उल्लेखच नाही. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाने वाचकासाठी लेख मागितला तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली: ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. म्हणजे कडा तुटायला लागलेल्या बांधीव अंकांचं स्कॅनिंग करायला परवानगी आहे. ते स्कॅन दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवता येतं का, यावर पुन्हा शांतता.

याच कलमात वाचकाला मात्र खासगी वापरासाठी, संशोधनासाठीसुद्धा, लिखाणाचा रास्त वापर करायचा हक्क दिलेला आहे. माझी विद्यार्थिनी त्या ग्रंथालयात जाऊन तो लेख हाताने उतरवून घेऊ शकते, हे कुणीच नाकारत नाही. मग तेच काम तिच्या वतीने तिथल्या कर्मचाऱ्याने केलं तर ते बेकायदेशीर का ठरावं? दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला. ग्रंथालयात बसून हाताने उतरवलं तर चालतं, मग यंत्राने काढलं म्हणून ते उल्लंघन होत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. पण तो खटला अध्यापनासाठीच्या सवलतीवर लढला गेला. ग्रंथालयांच्या आपसातल्या देवघेवीचा प्रश्न तिथे आलाच नाही, म्हणून ग्रंथपालांची भीतीही गेली नाही.

अमेरिकेत हा प्रश्न १९७० च्या दशकात सोडवला. १९७६ च्या त्यांच्या कायद्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कलम १०८ आहे. वाचकाने मागितलेला अंकातला एक लेख ग्रंथालय देऊ शकतं, आणि ती मागणी दुसऱ्या ग्रंथालयामार्फत आली तरी चालते. प्रत वाचकाच्या मालकीची होते, तिच्यावर कॉपीराइटची सूचना असते, आणि अशी देवघेव वर्गणी वाचवायचा मार्ग बनता कामा नये, ही अट. 'वर्गणी वाचवणं' म्हणजे किती, हे ठरवायला मार्गदर्शक तत्त्वं केली: एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांमधून एका ग्रंथालयाने वर्षाला जास्तीत जास्त पाच लेख मागवावेत. सहावा हवा असेल तर मोबदला भरा, नाहीतर वर्गणीदार व्हा. पाच वर्षांहून जुन्या अंकांना ही संख्या लावलेलीच नाही.

मला त्यातली सर्वांत पटलेली गोष्ट वेगळीच आहे. हिशेब कोणी ठेवायचा? मागणाऱ्या ग्रंथालयाने. मागणी नियमात बसते असं तेच लिहून देतं आणि नोंदी तीन वर्षं जपून ठेवतं. देणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहत नाही. आपल्याकडे सगळा भार देणाऱ्यावर, म्हणून तो नाही म्हणून मोकळा होतो.

आणि हे मराठीशी संबंध नसलेलं परदेशी उदाहरण नाही. अमेरिकेकडून घेतलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत भरले, त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून इथली पुस्तकं आणि मासिकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली गेली. मराठीही त्यात होती. त्या साठ्यातला एखादा मराठी लेख एका अमेरिकन विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला कायदेशीरपणे मिळू शकतो. जिथे तो लेख छापला गेला, तिथल्या मुलीला मिळत नाही. याचं मला मनापासून दुःख होतं.

लेखकांचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. जे पुस्तक दुकानात मिळतं ते विकतच घ्यावं, त्याची अख्खी झेरॉक्स काढून देणाऱ्या ग्रंथालयाची बाजू मी घेणार नाही. पण 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. अशा मासिकातल्या एका लेखाची प्रत दिल्याने कुणाची विक्री बुडते? बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाच्या लेखाचे हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतात आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. लेखक १९९० मध्ये वारला असेल तर २०५० संपेपर्यंत. त्याचे वारस पुण्यात आहेत की टोरंटोत, कोण शोधणार? वारस सापडत नसतील तर परवान्याची वाट कायद्यात आहे, पण ती लेख पुन्हा प्रकाशित करणाऱ्यासाठी. त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात आधी जाहिरात द्यावी लागते. आठ पानं वाचायची आहेत हो आम्हाला!

तोवर जे करता येईल ते मी करते. मागणीपत्रासोबत विद्यार्थ्याची सही घेऊन पाठवते: प्रत फक्त माझ्या संशोधनासाठी, एकच, पुढे वाटणार नाही. काही ग्रंथपाल एवढ्यावर विश्वास ठेवून प्रत पाठवतात. त्यांचे उपकार आहेत. पण हे त्यांच्या चांगुलपणावर आणि धाडसावर का सोडायचं?

कलम ५२ मध्ये एका वाक्याची भर हवी. मी ते असं लिहिलं आहे: "अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाने किंवा शैक्षणिक संस्थेच्या ग्रंथालयाने, तशाच दुसऱ्या ग्रंथालयाच्या लेखी मागणीवरून, वाचकाच्या खासगी अभ्यासासाठी, विक्रीस उपलब्ध नसलेल्या नियतकालिकातील एका लेखाची किंवा पुस्तकातील एका प्रकरणाची एक प्रत कागदावर अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पुरवणे." वकील मंडळींनी यातल्या उणिवा दाखवाव्यात, मी सुधारेन. कॉपीराइटचा विषय केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे आहे, तिथे मी हा मसुदा पाठवणार आहे. ग्रंथालय संघांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपापल्या लेटरहेडवर तोच पाठवावा. मसुद्याची फाइल ज्यांना हवी असेल त्यांनी मेसेज करा, लगेच पाठवते.