डिलिव्हरेबलला लेट मार्क लागत नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तिथून तो ठाण्याच्या मामेभावाकडे गेला आणि दोन दिवसांनी त्यानेच मला पाठवला, वर 'बघ, तुझ्या कामाचं आहे'. मेसेज थोडक्यात असा: नोकरी सोडा, त्याच कंपनीशी कॉन्ट्रॅक्ट करा, त्यात डिलिव्हरेबल्स, म्हणजे नेमकं काय काम करून हातात द्यायचं ते, नीट लिहून घ्या, म्हणजे मिळतो तो पगार नाही तर फी. कंपनी १० टक्के टीडीएस कापते हाच पुरावा. टॅक्स फक्त अर्ध्या रकमेवर. परदेशात सगळे हेच करतात. खाली सही म्हणून 'एका सीए मित्राकडून'. हा सीए मित्र सगळ्यांचाच असतो, भेटलेला कोणाला नसतो.

मी सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर टेस्टिंगची कामं करतोय, त्यामुळे आधी कबूल करतो की मोह खरा आहे. इन्कम टॅक्सचं २०२५-२६ चं न्यू रेजिम घ्या. पगार १५ लाख, ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं की राहिले १४ लाख २५ हजार, त्यावर सेस धरून टॅक्स ९७,५००. तेच १५ लाख फी म्हणून इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली दाखवले तर उत्पन्न धरणार साडेसात लाख, टॅक्स शून्य. लाखभर रुपये कोणाला नको असतात. पण हे कलम डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, आयटीवाले अशा ठरलेल्या व्यवसायांसाठी आहे आणि पगाराला ते लागतच नाही. म्हणजे सगळं गाडं एकाच प्रश्नावर अडतं, की मुळात तो पगार आहे का.

आता 'डिलिव्हरेबल लिहिलं की पगार राहत नाही' हे. डिलिव्हरेबल म्हणजे काय ते कच्छच्या रणातल्या अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना विचारा. धरांगध्रा केमिकल वर्क्सची केस, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५६ चा. अगरियांना एका मणाला साडेपाच आणे मिळायचे, मीठ ठरल्या प्रतीचं नसलं तर रिजेक्ट, आणि रिजेक्ट झालेलं मीठसुद्धा कंपनीचंच, बाहेर विकायचं नाही. हजेरीपट नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, मदतीला स्वतःच्या खर्चाने माणसं लावायची मुभा. आजच्या कुठल्या एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टला जोडलेल्या कामाच्या तपशिलात, नसेल इतकं चोख डिलिव्हरेबल! तरी कोर्टाने त्यांना कामगारच धरलं, कारण काम सुरू झाल्यापासून मीठ तयार होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर देखरेख कंपनीची होती. नागपूरच्या विडी कामगारांची केस १९६० ची. पैसे नगावर, यायची-जायची वेळ बरीचशी मोकळी, पण दुपारनंतर आला तर त्या दिवशी काम नाही, मजुरी बुडाली. तेही कामगारच ठरले. पुढच्याच वर्षी विडीचीच दुसरी केस आली तिचा निकाल मात्र उलटा लागला, तिथे विडी वळणाऱ्यावर मालकाचा तसा कंट्रोल दिसला नाही. धंदा तोच आणि मोबदलाही नगावरच.

ह्या लेबरच्या केसेस, टॅक्सचं काय, असं कोणी म्हणेल. मग पुण्याच्या रुबी हॉल हॉस्पिटलची केस बघा, मुंबई हायकोर्ट, २०१५. डॉक्टरांना दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची, इन्कम टॅक्स डिपार्टमेंट म्हणालं हा पगार. कोर्ट म्हणालं नाही. पीएफ-ग्रॅच्युइटी नाही, स्वतःची प्रॅक्टिस करायची मोकळीक आहे, हे नोकर नव्हेत. म्हणजे अगरियांकडे डिलिव्हरेबल असून ते कामगार, आणि डॉक्टरांना फिक्स रक्कम असून ते नोकर नाहीत. मेसेजवाल्याचं गणित दोन्हीकडून फसतं.

टीडीएसवर फार बोलण्यासारखं नाही. कंपनीने १० टक्के कापले म्हणजे कंपनीने तुम्हाला प्रोफेशनल समजून कापले, बस्स. डिपार्टमेंटला ते पटलंच पाहिजे असं काही नाही. नाही पटलं तर कंपनीच्या मागे कमी कापल्याचं व्याज आणि तुमच्या मागे उरलेला टॅक्स, व्याज, वर कमी उत्पन्न दाखवल्याची पेनल्टी, ती टॅक्सच्या ५० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

आणि परदेश. ब्रिटनमध्ये नेमकं हेच रोखायला २००० साली आयआर३५ नावाचा टॅक्सचा नियम आणला. २०१७ पासून सरकारी आणि २०२१ पासून मोठ्या-मध्यम खाजगी क्लायंट्सना स्वतःच ठरवावं लागतं की हा माणूस खरा कॉन्ट्रॅक्टर आहे की नावाला. तिथे बघतात कंट्रोल कोणाचा, स्वतःच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का, काम द्यायचं आणि घ्यायचं बंधन आहे का. तेव्हा परदेशाचा दाखला देऊ नका बाबांनो.

माझा एक मित्र घणसोलीला राहतो, महापेला एका कंपनीत 'कन्सल्टंट' आहे. मेसेज वाचून खूश होऊन अ‍ॅग्रीमेंट घेऊन आला, म्हणे माझं तर सगळं सेट आहे. तिसऱ्या पानावर डिलिव्हरेबल: 'रिपोर्टिंग मॅनेजर सांगतील ती मॉड्यूल्स'. सातव्या पानावर साडेनऊला बायोमेट्रिक, वर्षाला १८ रजा, ६० दिवसांची नोटीस, दुसरीकडे काम करायला बंदी. इन्व्हॉइस काढून बघितले तर २६ महिने तीच रक्कम, तीच तारीख, वर्णन 'महिन्याची फी'. फक्त जुलैचा इन्व्हॉइस कमी. का रे? तर म्हणे ट्रान्सहार्बर लोकल बंद होती, तीन लेट मार्क लागले, अर्ध्या दिवसाचे पैसे कापले.

म्हटलं अरे, डिलिव्हरेबलला लेट मार्क कसा लागतो?

माझं स्वतःचं काम सांगतो, म्हणजे खरे कॉन्ट्रॅक्टवाले उगाच घाबरणार नाहीत. ह्या वर्षी तीन क्लायंट, लॅपटॉप माझा, पैसे रिलीजच्या टेस्ट रिपोर्टवर. एकदा टायफॉइड झाला तेव्हा माझ्या जागी दुसऱ्या टेस्टरने काम केलं, त्याचे पैसे मी दिले. रिपोर्टमध्ये चूक निघाली तर परत टेस्टिंग फुकट. रजा मागायला मला कोणीच नाही, पण ऑगस्टमध्ये काम नव्हतं तर पैसेही नव्हते, हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.

मित्राचं अ‍ॅग्रीमेंट मार्चला रिन्यू होतंय. बायोमेट्रिक, रजा आणि दुसरीकडे कामाची बंदी, हे तिन्ही काढा असा मेल त्याने एचआरला टाकला. उत्तर आलं, अटेंडन्स कंपनीची पॉलिसी आहे, सगळ्या एम्प्लॉयीजना लागू. तो मेल मी त्याला जपून ठेवायला सांगितलाय.