बसऱ्याला गेला होतास काय रे?

आज सर्वपित्री. सकाळी पान वाढलं, कावळा अर्ध्या तासाने शिवला, जेवणं उरकली आणि हात धुऊन मोबाईल उचलतो तर घरच्या ग्रुपवर पुतण्याचा मेसेज. गावच्या जुन्या शाळेत एक संगमरवरी पाटी आहे, तिचा फोटो मी टाकला होता. पहिल्या महायुद्धाला या गावातून ४२ जण गेले, त्यातले ७ मेले, एवढंच तिच्यावर लिहिलंय. त्या सातांत माझे पणजोबा. पुतण्या म्हणतो, 'काका, इंग्रजांचे भाडोत्री ते. कौतुक कसलं?' पुढे दात काढणारा चेहरा. आणि त्यावर तिघांचे अंगठे. तिघेही मघाशी त्यांच्याच नावाचे वडे खाऊन उठलेले!

लहानपणी दुकानातून यायला उशीर झाला की आजी ओरडायची, 'बसऱ्याला गेला होतास काय रे?' मला वाटायचं, बसरा म्हणजे महाडच्या पलीकडचं एखादं गाव. पुढे कळलं, तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, मराठा पलटणीतून खरंच इराकातल्या बसऱ्याला गेले होते आणि आलेच नाहीत.

बसऱ्याहून वर कूतपर्यंत. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. दाणा संपत आला तेव्हा घोडे कापले, आपल्यातल्या पुष्कळांनी ते मांस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर त्या हाडाच्या सापळ्यांना वाळवंटातून चालवत नेलं, उरले त्यातल्या कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. सेनापती टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. पणजोबा वेढ्यात गेले, वाटेत गेले की रुळांवर, घरात कुणाला कधी कळलं नाही.

आजी सांगायची, पहिल्यांदा श्राद्ध घालायची वेळ आली तेव्हा भटजींनी पणजीला विचारलं, शस्त्राने गेले काय? तसं असेल तर चतुर्दशीला घालायचं. पणजी म्हणाली, 'मरताना कुणी बघितलाय? अमावास्येला घाला.' शंभर वर्षं झाली, आम्ही अमावास्येलाच घालतो. बहुधा उपाशी मेलेल्या माणसाच्या पानावर वडे, खीर, अळूवडी. आज वाढताना हे मनात आलं आणि हात थांबला माझा. त्यानंतर तासाभरात तो दात काढणारा चेहरा.

पगारासाठी गेले, हो. महिना अकरा रुपये. वरकस जमीन, खाणारी तोंडं आठ. आज गावातले निम्मे पोरगे पगारासाठीच दुबई-कतारला जातात, त्यांना कोण भाडोत्री म्हणतं? आणि १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून याच फौजेसाठी माणसं मागत होते, त्यांना काय म्हणायचं? हाच पुतण्या माणगावला यशवंत घाडगेंच्या पुतळ्यापाशी फोटो काढून 'अभिमान' लिहितो. घाडगेंनी १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चढाई केली आणि तिथेच पडले, मुजराच आहे त्यांना. पण फौज तीच ना रे? गादी तीच ना? व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तर वीर, उपाशी मेला तर भाडोत्री?

याच फौजेच्या शिपायांनी अमृतसरला आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या, तेही ठाऊक आहे मला. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

इंग्रजांनी तरी काय दिवे लावले! बसऱ्याच्या स्मारकावर साहेबांची नावं कोरली, आपल्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं पाहिजेत तर वहीत बघा म्हणे. २०२१ मध्ये त्यांच्या युद्धकबरींच्या आयोगाने हे चुकलं म्हणून माफी मागितली. ती वही आता इंटरनेटवर आहे. गेल्या वर्षी रात्री दोनपर्यंत शोधत बसलो. पणजोबांच्या नावाचे बरेच सापडले, पण गावांची नावं गोऱ्या कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली. एका नोंदीत कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा, महाड तालुका बरोबर, गावाचं नाव मात्र आमचं म्हणावं तर आमचं, नाही म्हणावं तर नाही. बापाचं नाव जुळतं. बायको म्हणाली, हेच असतील. मला तसं छातीठोक म्हणवेना. पणजीचाच वंश.

इथवर लिहिलं आणि वहिनींचा फोन आला. पोराने मेसेज काढून टाकलाय. विचारत होता म्हणे, काकांना पलटणीचा नंबर माहीत आहे का, मी पण शोधतो.

अरे, तो नंबरच तर नाही आपल्याकडे. पाटीवर फक्त सात आहे.

राग अजून पुरता गेलेला नाही, हे लिहून ठेवतो. पण वडे उरलेत. रात्री येऊन घेऊन जा. उशीर करू नकोस.